पियानोचं झाकण

"पियानोच्या पाया पड. तिच्या नाही."

हे मी माझ्या कानानं ऐकलं. अमरावतीले, जिनवाल्याच्या कोठीत, गुरुपौर्णिमेच्या दिवशी. त्या घरची दहा वर्षांची पोट्टी माझ्या बायकोपुढं वाकली होती. हात पायाशी गेलाच होता. तेवढ्यात तिच्या आईनं तिचा दंड धरला, दाव्यानं वासरू ओढावं तशी तिले मागं ओढली आन म्हणाली, "पियानोच्या पाया पड. तिच्या नाही. वाद्य हाच गुरू."

हॉलभर पाहुणे बसले होते. कोणाले काही खटकलं नाही. एक बाई त म्हणाली, "किती सुंदर विचार आहे!"

पोट्टी पियानोच्या पाया पडली. लाकडाच्या पायाले तिनं कपाळ टेकवलं. माझी बायको बाजूलेच उभी होती. धुतलेलं, इस्त्री केलेलं पांढरं पातळ. पोट्टीच्या डोक्यावर ठेवाले तिनं हात उचलला होता. तो हवेतच राहिला. मग तिनं तो पदराआड घेतला.

मी खांबाजवळ उभा होतो. घामानं भिजलेला. आतल्या खोलीतला पियानो आमी चौघा हमालांनीच हॉलमध्ये आणला होता. उचलाले आमचा हात चालत होता. वाजवाले तिचा हात चालत होता, काहून की वाजवणारं दुसरं कोणी त्या लोकायच्या ओळखीत नव्हतं. पाय मात्र चालत नव्हते.

मी चवथी शिकलो. जन्मभर हमाली केली. पियानोतलं मले आजही काही समजत नाही. पण माझी बायको पियानो शिकवायची. मागल्या थंडीत ती मेली. आन तिच्या बोटांबद्दल लोक खोटं बोलून राहिले. म्हणून लिहून राहिलो.

तिचं नाव सुवार्ता. मिशनच्या कंपाउंडात वाढलेली. तिचा बाप चर्चात झाडू मारायचा. मांगाचं घर, आजाच्या काळात ख्रिस्ती झालेलं. आमी बौद्ध. लग्न केलं तेव्हा दोन्हीकडून शिव्या पडल्या, आमी दोन्हीकडच्या वाटून घेतल्या.

मिशनात एक गोरी मडम होती. ती प्रार्थनेले पियानो वाजवायची. बाप झाडू मारे, पोरगी दाराआडून पाहे. मडमनं एक दिवस तिले जवळ बसवलं. मडम गेली तिच्या देशाले, पियानो सुवार्ताच्या हातात ठेवून गेली.

माझी तिच्याशी गाठ मिशनातल्या त्या पियानोपायीच पडली. शाळेच्या खोलीतून तो चर्चात न्यायचा होता. आमी हमाल गेलो. दोर लावले, उचलला. ही पोरगी बाजूनं पळत होती, दोन्ही हात पसरून, जसं कोणाचं बिमार माणूस नेऊन राहिलो.

"हळू, भाऊ, हळू! त्याच्या पोटात तारा आहेत."

मी म्हटलं, "आमच्याबी पोटात आहेत, बाई. त्याची कोणाले पर्वा आहे?"

ती हसली. पियानो खाली ठेवल्यावर तिनं आमाले चौघांले पाणी दिलं. मग बसून वाजवलं. आमच्यासाठी. हमालासाठी कोणी वाजवते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता त्या कोठीचं सांगतो. जिन होती त्यायची, कापसाच्या गाठी बांधायचे. इंग्रजाच्या काळात कोण्या कापसाच्या सायबाच्या बंगल्यातून त्यायच्या आजानं तो पियानो घेतला होता. सगळं आयुष्य तो मुका उभा. वर गणपती बसवत, लग्नात वर हार ठेवत. मग नातीले शिकवायची हौस आली. नातीचं नाव केतकी. कोणीतरी मिशनातल्या बाईचं नाव सांगितलं.

पण त्या घरात तिले नाव नव्हतं. "पियानोवाली आली का?" "पियानोवालीला बसायला सांग." भाजीवाली, बोहारीण, पियानोवाली.

शिकवायची कशी, ते मी पाहिलेलं आहे. पहिल्या दिवशी ती लेकराच्या हातात संत्रं द्यायची. "असं धर. दाबायचं नाही, पाडायचं नाही. आता संत्रं काढते, हात तसाच ठेव." तोच हात पट्ट्यांवर. मनगट ताठ केलं की म्हणायची, "संत्रं फुटलं बघ." तिची माय हंगामात वरूडले संत्र्याच्या पेट्या भराले जायची, तिथून हे डोक्यात आलं असन. केतकीले तिनं असंच एक संत्रं दिलं. चांगलं, साल तुकतुकीत. म्हातारीनं, म्हणजे केतकीच्या आजीनं, ते पोट्टीच्या हातातून घेतलं आन गायीपुढं टाकलं. पोट्टी रडली. सुवार्ता दुसऱ्या दिवशी दुसरं घेऊन गेली. तेही गायीनं खाल्लं. मग ती हवेतच संत्रं धराले शिकवू लागली.

आन फडकं. शिकवून तिची पाठ फिरली की म्हातारी गोमूत्राचं फडकं भिजवून नोकराच्या हातात द्यायची. तो पट्टी अन् पट्टी पुसायचा. पांढरी, काळी, सगळी. हे मले सुवार्तानंच सांगितलं. हसत सांगितलं. "अहो, माझ्या मागं पियानोची आंघोळ असते."

मी म्हटलं, "सोडून दे ते घर."

"सोडीन. पण त्या पोरीच्या हातात सूर आहे. तो बसू द्या."

लाकूड ते. रोज पाणी पडलं की फुगतेच. पट्ट्या अडकाले लागल्या. दाबली की खालीच बसायची, वर येईना. कोठीत कोणाले कळेना असं काहून होते. मग त्यायनंच कारण शोधलं. हिचा हात जड आहे. हिच्यामुळं पियानो बिघडून राहिला. तो बिघडू नये म्हणून अजून पुसा. पुसला की अजून फुगे.

त्या गुरुपौर्णिमेले हेच झालं.

पोट्टी पाया पडून स्टुलावर बसली. वाजवू लागली. मले कळत नाही, पण लोक गप झाले म्हणजे बरंच वाजवत असन. सुवार्ता बाजूले उभी, ओठ हालून राहिले, पोट्टीसंगं वाजवत होती जशी. आन मधातच, ठक. पट्टी खाली बसली. पोट्टी थांबली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच, ठक. कोणीतरी हसलं. पोट्टीचं तोंड लाल.

तिचा काका समोरच्या खुर्चीत होता. आबासाहेब. कोठीचा कारभार त्याच्याच हातात. पानाचं बोट पुसत तो मोठ्यानं बोलला, "अहो, रोज हात कोणाचा लागतो, ते बघा ना! लाकूडसुद्धा बाटतं."

हॉल हसला. सगळा.

सुवार्ता पुढं झाली. पोट्टीले तिनं हळूच बाजूले केलं. स्टुलावर बसली, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, अडकलेली पट्टी नखानं वर ओढाले लागली. तोंड पियानोकडंच. आन बोलली. आवाज चढवला नाही. शाळेत बोलावं तसं स्वच्छ बोलली.

"लाकूड माझ्या हातानं नाही बिघडलं, आबासाहेब. माझ्यामागं रोज मुताचं फडकं फिरवता, त्यानं फुगलं. आणि या मुलीचा हात मी रोज हातात धरते. तिलाही पुसता का?"

पाहुण्यांनी माना आबासाहेबाकडं वळवल्या.

आबासाहेब उठला. मले वाटलं बाहेर जाते. तो पियानोजवळ गेला. पट्ट्यांवरचं झाकण वर उघडं होतं. जुनं, शिसवीचं, जड. त्यानं त्यावर दोन्ही हात ठेवले आन अंगाचा सगळा भार घालून खाली आणलं.

पियानो बोंबलला. दाबलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम. आन त्याच्या आत दुसरा आवाज. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडते ना, चुलीत घालाच्या आधी मांडीवर धरून, तसा. मग ती. तिचा आवाज सगळ्यात शेवटी आला.

त्यानं झाकण उचललं नाही. वर टेकून उभा राहिला. म्हणाला, "आता वाजव."

पुढचं मले सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. मी खांबापासून तिथवर कसा पोचलो, नाही आठवत. त्याची मान माझ्या हातात होती हे आठवते. मऊ होती. साबणाचा वास येत होता. ज्या हातानं मी गाठी उचलतो त्या हातानं मी त्याचं तोंड पियानोच्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. दात पडला. झाकणावर लाल लाळ. झाकण उचलून मी तिचा हात काढला. चार बोटं चार दिशेले.

मग त्यायचे माणसं आले. आमच्याच खांद्यावरचे दोर घेऊन आमालेच मारलं. ज्या दोरानं पियानो बांधून आणला होता त्याच. पाठीवर, तोंडावर, पिंढऱ्यांवर. माझा जोडीदार माझ्यावर आडवा पडला, त्याच्या बरगड्या मोडल्या. पाहुण्या बायका लेकरायचे डोळे झाकून राहिल्या होत्या. सुवार्ताचा हात मोडला तेव्हा कोणीच कोणाचे डोळे झाकले नव्हते.

ठाण्यात मले आत टाकलं, घरात घुसून मालकाले मारलं म्हणून. सुवार्ताची तक्रार कोणी लिहून घेईना. हवालदार कोठीवर जाऊन आला. पोट्टीले विचारलं होतं म्हणे, बेटा, काय झालं? ती म्हणाली, झाकण आपोआप पडलं.

दहा वर्षांचं लेकरू. काका मागं उभा असन. मी तिले तेव्हा माफ केलं होतं.

सुवार्ता दवाखान्यात गेली नाही. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली, मोडका हात पदरात गुंडाळून. म्हणे, तुमी आत मार खाऊन राहिले, मी कशी जाऊ? मले सोडलं तेव्हा बोटं सुजून वांग्यासारखी काळी झाली होती. डॉक्टरनं बसवली, पण वाकडीच बसली. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा तेवढा राहिला.

ठाण्यातून बाहेर येताना शिपायानं विचारलं, "पुन्हा असं करशील?" आमच्या वऱ्हाडात मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यामागं 'जी' लागते. हो जी, नाही जी, आलो जी. जन्मल्यापासून जिभेले चिकटलेलं. माझा बाप मरताना डॉक्टरले 'जी' म्हणून मेला. मी शिपायाले म्हटलं, "करीन." नुसतं करीन. त्यानं एक कानाखाली ठेवून दिली. तरी 'जी' निघालं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत निघालं नाही.

अमरावती सोडली. अकोल्याले आलो. मंडीत हमाली धरली. 'जी' म्हणत नाही म्हणून पुष्कळ अडत्यांनी काम दिलं नाही. गेले उडत.

घरात पियानो कुठून येणार? मी सागाची एक फळी आणली, सुताराकडून रंधा मारून घेतली. सुवार्तानं डाव्या हातानं रेघा मारल्या, मी रंग दिला. पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या. मुकी फळी. बस्तीतल्या पोट्ट्या तिच्यावर शिकल्या. एक बोलली, "मावशी, हे वाजत त नाही!" ती म्हणाली, "तू नीट दाब, मी वाजते." डावा हात ती फळीवर चालवायची आन उजवा तोंडानं गायची. उजव्या हाताचं सगळं वाजवणं तिच्या गळ्यात गेलं होतं. मग चर्चवाल्यांनी एक जुना कीबोर्ड दिला. त्यावरही तसंच. डावा हात पट्ट्यांवर, उजवा गळ्यात. शेजारचे हसायचे, पियानोवाली येडी झाली. पोट्ट्या हसत नव्हत्या. त्या शिकत होत्या.

इथंच जठारपेठेत केतकीच्या पियानोच्या क्लासची पाटी लागली तेव्हा आमाले कळलं की ती पोट्टी लग्न होऊन याच गावात आली. भाजी घेऊन येताना सुवार्ता त्या पाटीखाली थांबली. वरून पियानो ऐकू येत होता. मी म्हटलं, "चाल, काय ऐकतं?" ती म्हणाली, "तोच आहे. कोठीतला. आवाज ओळखते मी." मग उलीशी अजून थांबली आन म्हणाली, "मनगट ताठ आहे पोरीचं. मी अजून वर्षभर राहिली असती तर सैल केलं असतं."

वर चढून गेलो नाही. केतकीही कधी खाली उतरून आली नाही. इतकी वर्षं एका गावात.

मागल्या थंडीत सुवार्ता गेली. तापाचं निमित्त झालं. मातीच्या आधी बाया तिचे हात छातीवर जोडून राहिल्या होत्या, आमच्या बस्तीतल्या ख्रिस्ती बायायची रीत. डावा बसला. उजवा जुळेना. बोटं त्याच चार दिशेले. एका बाईनं उलीसा जोर लावला. मी ओरडलो, "मोडू नका. एकदा मोडलेत." तसाच हात ठेवून तिले मातीत दिली.

आषाढ लागला तेव्हा केतकी घरी आली. पन्नाशीच्या घरातली बाई, चष्मा, मोटार खाली उभी. दारातच रडाले लागली.

"काका, मी केतकी. बाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं."

मी बस म्हटलं. चहा केला. तिनं घेतला, हेही सांगतो. भिंतीवरच्या सुवार्ताच्या फोटोपुढं हात जोडले. मग बोलली, "गुरुपौर्णिमेला माझ्या क्लासचा कार्यक्रम आहे. बाईंना अर्पण करायचाय. फोटो द्याल? तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

मी म्हटलं, "एक गोष्ट कर. तिची बोटं कशानं मोडली ते सांग. तुझ्या तोंडानं. बाकी मले काही नको."

तिनं मान खाली घातली. "काका, आता आबाकाकांचं वय झालंय. त्यांनीच हॉल करून दिलाय."

"त मग फोटो राहू दे."

तिनं पुन्हा भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग म्हणाली, "सांगीन. शब्द देते."

मी फोटो दिला.

हॉल गच्च भरला होता. मी पहिल्या रांगेत. स्टेजवर तोच पियानो, पॉलिश मारलेला. उजव्या पायावर आमच्या दोराचा वळ, तोही तसाच. पॉलिशखाली दिसत होता. वर तिचा फोटो, हार घातलेला. लेकरायच्या हातात संत्र्याएवढे, संत्र्याच्याच रंगाचे रबरी चेंडू. त्यावर क्लासचं नाव छापलेलं.

निवेदन करणारी एक पोरगी माइकवर आली. "केतकी मॅमच्या माहेरी एक थोर परंपरा आहे. वाद्य हाच गुरू! आज आपले सर्व विद्यार्थी त्या परंपरेनुसार पियानोला वंदन करतील."

आन लेकरं एकामागं एक आली. पियानोच्या पायाले कपाळ टेकवू लागली. माझ्या बायकोच्या पायाले बाट होता म्हणून जे लाकूड पुढं केलं होतं, त्याची परंपरा झाली होती. थोर. लोक टाळ्या वाजवून राहिले. माझ्या कानात त्या टाळ्या थापडेसारख्या वाजत होत्या.

मी वाट पाहत होतो. शब्द दिला होता.

निवेदनवाली पुढं वाचू लागली. "सुवार्ताबाईंना पुढे वाताच्या विकारानं ग्रासलं. बोटं वाकडी झाली. पण त्यांनी साधना सोडली नाही."

वात.

मी केतकीकडं पाहिलं. ती पडद्याजवळ उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दहा वर्षांची होती तेव्हा झाकण आपोआप पडलं होतं. आता पन्नाशीत वात झाला होता.

"आता आबासाहेब पहिला सूर छेडून कार्यक्रमाचं उद्घाटन करतील."

दोघायनं धरून त्याले आणलं. म्हातारा झाला होता. काठी, शाल, समोरचा दात सोन्याचा. तो दात मी ओळखतो, त्याची जागा मीच केली होती. त्यानं झाकण वर केलं. हात पट्ट्यांकडं नेला.

मी स्टेजवर कसा चढलो हे मात्र यावेळी चांगलं आठवते. घाई केली नाही. तीन पायऱ्या. कोणी अडवलं नाही, पहिल्या रांगेतला मानाचा माणूस ना. मी पियानोजवळ गेलो आन वर उघडलेलं झाकण दोन्ही हातांनी धरलं.

म्हटलं, "वाजव, आबा. मी झाकण धरून आहे."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. ओळखलं नाही. मग वर झाकणाकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. तिथं ओळखलं.

खोटं सांगत नाही, पाडावं वाटलं. माझे दंड दगडासारखे झाले होते. वाळली पऱ्हाटी मोडल्याचा आवाज पुन्हा एकदा ऐकावा वाटला, त्याच्या बोटांतून. तोंडात रक्ताची चव आली होती, माझीच जीभ मी चावली होती. पाडलं असतं त बरं वाटलं असतं. पण मग उद्या सगळं गाव म्हणालं असतं, येडा हमाल होता, म्हाताऱ्या माणसाची बोटं मोडली. आन सुवार्ताची बोटं जन्मोजन्म वातानंच गेली असती.

मी तसूभर हाललो नाही. झाकणही हाललं नाही.

त्यानं हात ओढून घेतला. तवा लागावा तसा ओढला आन दुसऱ्या हातानं छातीशी दाबून धरला. बोटं मुठीत लपवली. काठी पडली.

हॉलनं पाहिलं. माइक चालू होता.

मी म्हटलं, "लोकहो, बाईची बोटं वातानं गेली म्हणता. मग यानं आपला हात काहून ओढला? मी त काही केलं नाही. नुसतं झाकण धरलं. याले काय आठवलं, विचारा याले."

कोणी विचारलं नाही. मग मीच सांगितलं. फडकं सांगितलं, झाकण सांगितलं, 'आता वाजव' सांगितलं, ठाण्याची पायरी सांगितली. कोणीतरी माइक बंद केला. मंडीत ओरडून गळा तयार झालेला आहे, मले माइक लागत नाही. दोन पोट्टे मागून आले, माझे दंड पिरगाळाले लागले. झाकण सोडलं नाही मी. खांद्यात कटकन वाजलं, तरी नाही.

केतकी जवळ आली. हळू बोलली, "काका, मुलं आहेत इथे."

"तूही होतीस," मी म्हटलं. "तेव्हा तुझे डोळे कोणी झाकले? सांग आता. एक वाक्य सांग."

ती उभी राहिली. तोंड उघडलं. आबाकडं पाहिलं. तोंड मिटलं.

बस. जे पाहाचं होतं ते पाहिलं.

आबाले खुर्चीत बसवून आत नेलं. मी झाकण हळूच खाली ठेवलं, पट्टीले धक्का न लावता. सुवार्ता असंच ठेवायची. फोटोवरचा हार काढून पियानोवर टाकला. वाद्य हाच गुरू ना, घाला त्याले. फोटो काखेत घेतला आन मधल्या वाटेनं बाहेर आलो. लोक बाजूले सरकत होते. आवडीनं नाही, अंगाले अंग लागू नये म्हणून. ते सरकणं मी ओळखतो.

आता केतकीचा निरोप आला आहे. फोटो पुन्हा पाहिजे म्हणते, क्लासच्या भिंतीवर लावाले. खाली बाईंचं नाव लिहू म्हणते.

तिले आन तिच्यासारख्या सगळ्यायले माझं उत्तर हे आहे. फोटो मिळणार नाही. नावही मिळणार नाही. ज्याले सुवार्ताचं नाव पाहिजे त्यानं आधी झाकण पाडणारा हात सांगावा, दाबणारा हात सांगावा, फडकं भिजवणारा हात सांगावा. तोवर तिची शिकवण तुमची नाही, तिचं संत्रं तुमचं नाही. आमच्या बस्तीतल्या पोट्ट्यायले मी सांगून ठेवलं आहे, फळी पुसा, फळी सांभाळा, पण फळीच्या पाया पडू नका. कोणी लाकडापुढं वाका म्हटलं की आधी विचारा, कोणाचे पाय लपवून राहिले?

आन पुढल्या गुरुपौर्णिमेले मी येईन. त्याच्या पुढल्याही. बोलवा नका बोलवा. जिथं तो पियानो उघडंल तिथं मी झाकण धरून उभा राहीन, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहत. जन्मभर तुमचं ओझं उचललं. खांदा निखळला आहे, पण एक झाकण धरून ठेवण्याइतका जोर या हातांत आहे. पाडण्याइतकाही आहे.